प्रिमरोझचे मागचे पाय

२६ नोव्हेंबर

ठण नव्हे, ठक. पितळेला चीर गेली की आवाज तसाच येतो. आज दुपारी खुर्चीत डोळा लागला आणि त्या आवाजाने जाग आली, तर घरात घड्याळाखेरीज काहीच वाजत नव्हतं.

ती घंटा माझ्या बायकोच्या, एनिडच्या, माहेरच्या गोठ्यातली. एनिडने थॉर्नडेलच्या आमच्या हौशी नाट्यमंडळीसाठी कापडाची गाय शिवली, तेव्हा तिच्या गळ्यात ती बांधली. त्या हिवाळ्यात संध्याकाळभर स्वयंपाकघरात शिलाईचं यंत्र खडखडायचं आणि कापड सरकलं की मधूनच ठक. जिल तेव्हा सोळाची असेल, ॲड्रियन तेराचा. नाताळच्या पँटोत, म्हणजे गावच्या सोंगाढोंगांच्या विनोदी नाटकात, गाय म्हणजे आत दोन माणसं. एनिडने आपल्याच दोन मुलांना आत घातलं. जिल पुढचे पाय, ॲड्रियन मागचे. पुढच्याला गाईच्या तोंडातून दिसतं. मागच्याने वाकून पुढच्याची कंबर धरायची आणि नेईल तिकडे जायचं. ॲड्रियन रुसला की गाय अर्धी चालायची आणि अर्धी बसायची. लोक पोट धरून हसत. त्यांना वाटे, मुद्दाम बसवलं आहे.

गाईचं नाव प्रिमरोझ. वर्षभर ती आमच्या जिन्यावरच्या कपाटात कापराच्या वड्यांबरोबर टांगलेली असते. आज डेरेक तिला न्यायला आला. डेरेक सटक्लिफ नळजोडणीचं काम करतो आणि गेली कित्येक वर्षं मंडळी चालवतो. पँटोत घागरा घालून जाड्या स्वयंपाकिणीचं सोंगही त्याचंच. त्याने शेपूट ओढून पाहिली आणि म्हणाला, "लायोनेल, लेका, गावात हिच्याइतकं टिकलेलं कुणी नाही." मग जाता जाता, शेवटच्या दोन ओळी लागतील, म्हणाला.

पँटोच्या शेवटच्या दोन ओळी दर वर्षी मी लिहितो. लोकरीच्या गिरणीत नमुन्यांच्या खोलीत जन्म गेला, पण शाळेत मिस होलरॉइडनी बाकावर उभं करून ज्या कविता म्हणवून घेतल्या, त्या अजून पायऱ्या चढताना आपोआप ओठांवर येतात. एनिड म्हणायची, तुझ्या गुडघ्यांत यमक आहे.

३० नोव्हेंबर

एक ओळही सुचली नाही.

२ डिसेंबर

या वहीत खरं लिहायला हरकत नाही. मला या नाताळात एकच गोष्ट हवी आहे. दोन्ही मुलं माझ्या दोन बाजूंना बसून पँटो बघताना मला दिसली पाहिजेत.

दोघं तीन वर्षं एकमेकांशी बोललेली नाहीत. एनिड गेली त्या हिवाळ्यापासून. जिल इथेच खालच्या गल्लीत राहते, घरोघर जाऊन रुग्णांना बघणारी परिचारिका आहे, दर रविवारी माझ्याकडे जेवायला असते. ॲड्रियन ब्रिस्टलला. तो येतो तेव्हा जिलला नेमकं काम निघतं. ती असते तेव्हा त्याचा फोन येत नाही. फोनवर तिचं नाव निघालं की तो हवापाण्याचं विचारतो.

भांडण कशावरून, ते मला पक्कं ठाऊक आहे. एनिडचं शिलाईचं यंत्र. जिल ते आपल्या घरी घेऊन गेली आणि ॲड्रियनला विचारलं नाही. मी मागे एकदा ॲड्रियनला म्हटलंही, दुसरं घेऊन देतो, तसंच मिळतं जुन्या बाजारात. तो म्हणाला, "बाबा, मला शिवता येत नाही." अभिमानी आहे.

५ डिसेंबर

बेत ठरला. ॲड्रियनला फोन केला की सूनबाई तिच्या आईकडे जाणार आहे तर तू टॅबीला घेऊन नाताळच्या आधीच ये, पोरीला पँटो दाखवू. टॅबी माझी नात, नऊ वर्षांची. जिल येणार हे बोललो नाही. जिलला म्हटलं, पँटोला चल माझ्याबरोबर, या वर्षी मी पडद्यामागे नाही, समोर बसणार आहे. छातीत कफ आहे आणि मागे वारा फार. ॲड्रियन येणार हे बोललो नाही. दोघंही हो म्हणाली. अंधारात शेजारी शेजारी बसली की उठून जाणार कुठे.

म्हातारपणी माणूस धूर्त होतो, असं मिस होलरॉइड म्हणायच्या का? नसतील म्हणत. पण म्हणायला हव्या होत्या.

८ डिसेंबर

जिल आली आणि तिने मागच्या खोलीतल्या दोन्ही पलंगांवर धुतलेल्या चादरी घातल्या. मी म्हटलं, हे कशाला. म्हणाली, चादरींना हवा लागावी. मग विचारलं, तिकिटं किती काढलीत? मी चार म्हणून गेलो आणि जीभ चावली. सावरून घेतलं, की एका खुर्चीवर कोट ठेवायला आणि एक चुकून. ती म्हणाली, "बरोबर आहे. तुमचा कोट जाडा आहे."

काही संशय आला नाही तिला. जाताना कपाटात आल्याचा केक ठेवून गेली. हल्ली तिला तो आवडायला लागलेला दिसतो. पूर्वी फक्त ॲड्रियन खायचा.

११ डिसेंबर

ओळी सुचत नाहीत. डेरेकने दोनदा विचारलं. पँटोच्या शेवटच्या दोन ओळी पहिल्या खेळाआधी कुणी मोठ्याने म्हणायच्या नसतात. तालमीत परी तिथपर्यंत येते आणि "तुरुतुरु तुरुतुरु" करून थांबते. माणसांनी भरलेलं सभागृह समोर असल्याशिवाय त्या ओळी उच्चारल्या तर खेळावर संकट येतं, असं मानतात. एका वर्षी कुणा नव्या मुलीने उत्साहात म्हणून टाकल्या आणि तिसऱ्या खेळाला वीज गेली. म्हणून आमच्यात कागदाची घडी पहिल्या खेळाच्या दिवशी परीच्या बुटात ठेवतात. ती तिथे वाचते, मनात, आणि मग रंगमंचावर सगळ्यांदेखत पहिल्यांदा.

शेवटी जुन्याच ओळी द्यायचं ठरवलं. एनिडची रक्षा जलाशयात सोडली त्या दिवशी मी दोन ओळी केल्या होत्या. धरणाच्या भिंतीवर उभं राहून म्हटल्या. जिलखेरीज कुणी ऐकल्या नाहीत. पुन्हा वापरल्या तर एनिडची हरकत नसावी. ती कापडाचा तुकडा कधी वाया घालवत नसे.

किती गार होतं त्या दिवशी. ॲड्रियन घाटात बर्फात अडकला होता, त्याचा फोन लागत नव्हता. शेवटी तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं आणि मी गाडीत गरम हवा लावून बसलो होतो. काचेवर वाफ धरली होती. बाहेर दोघं बोलताना अंधुक दिसली. मग त्याने तिथूनच गाडी वळवली. मला वाटलं, टॅबीला घरी सोडलं असेल, घाई असेल.

१९ डिसेंबर

ॲड्रियन आणि टॅबी आली. टॅबीचे पुढचे दोन दात एकदमच पडले आहेत. तिने घरभर फिरून आजीचं यंत्र कुठे आहे विचारलं. मी ॲड्रियनकडे पाहिलं, आता निघतो विषय. तो कपाट उघडून उभा होता. आल्याचा केक हातात घेऊन म्हणाला, "हा कुणी आणला?" मी म्हटलं, दुकानातून. दुसरं काय म्हणणार.

त्याने केक खाल्ला नाही. परत ठेवला. पण सकाळी बघतो तर अर्धा संपला होता.

२१ डिसेंबर

आज पहिला खेळ, दुपारचा. सविस्तर लिहितो, कारण फार झालं आणि त्यातलं निम्मं मला कळलं नाही.

सकाळी धुकं. मी एकटाच आधी सभागृहात जाऊन आलो. परीचं काम पोस्टातल्या म्युरिएलकडे. तिचे चंदेरी बूट खुर्चीखाली होते, त्यात घडी ठेवली. म्युरिएल म्हणाली, "यंदा लांब ओळ नाही ना लायोनेल? माझे पंख टोचतात."

जेवल्यावर निघालो. मी ॲड्रियनला सांगितलं, थोडं पुढे जातो, तुम्ही सावकाश या. जिल दारातच उभी होती, तिच्या कामावरच्या लाल बुटांत. मी तिकिटं काढली आणि तेव्हा चूक लक्षात आली. चारी तिकिटं एकाच रांगेची, पण मधली वाट त्यांच्या मधून जात होती. दोन खुर्च्या वाटेच्या या बाजूला आणि दोन पलीकडे. मी डेरेकला सांगताना फक्त "रांग एक पाहिजे" म्हटलं होतं. वाट कुठून जाते याचा विचार केला नाही. चाळीस वर्षं मी त्या सभागृहाकडे पडद्यामागून बघितलं, समोरून ते कसं आहे मला कुठे माहीत.

ॲड्रियनची दोन तिकिटं दारातल्या माणसाकडे ठेवली आणि जिल आणि मी या बाजूला बसलो. ॲड्रियन टॅबीला घेऊन आला, त्याने तिकीट बघितलं, रांग बघितली, जिलला बघितलं. मी कार्यक्रमपत्रिका वाचायला लागलो. ती उलटी होती हे नंतर कळलं. मला वाटलं होतं दोघांतलं कुणीतरी दचकेल. कुणी दचकलं नाही. जिलने मान किंचित हलवली. ॲड्रियनने कोट काढला नाही, तसाच बसला, उठून जायच्या तयारीत असल्यासारखा.

गोष्ट नेहमीचीच. विधवा स्वयंपाकीण, तिची गाय, आणि गाईवर डोळा ठेवून बसलेला जहागीरदार. जहागीरदार डाव्या बाजूने येतो, परी उजव्या बाजूने. तो आला की सगळ्यांनी शीळ घालून हुर्यो करायची. टॅबीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण दात नसतानाही तिने अशी शीळ घातली की पुढच्या बाकावरचे म्हातारे वळून बघायला लागले. डेरेक घागऱ्यात आला, त्याने नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेतल्या एका टकल्या माणसाला आपला होणारा नवरा ठरवलं. मिठाई उधळली. माझ्या कपाळावर एक बसली.

मग प्रिमरोझ आली. ठक. ठक. मला एकदम एनिडचे हात दिसले, यंत्राखालून जाड कापड ओढणारे. बाजूला बघितलं तर जिल खाली पायांकडे बघत होती. पलीकडे ॲड्रियन गाईकडे नाही, गाईच्या मागच्या पायांकडे बघत होता. मागचे पाय या वर्षी बरे नव्हते, पुढच्यांशी जमत नव्हतं. ॲड्रियन टॅबीच्या कानात काहीतरी म्हणाला. टॅबीने मला नंतर सांगितलं: "बाबा म्हणाला, कंबर धरलेली नाही त्याने, म्हणून असं होतंय."

दुसऱ्या अंकात जहागीरदार म्हणाला, गाय माझी आहे. सगळं सभागृह ओरडलं, नाही, नाहीच. तो म्हणाला, आहे, आहेच. हे आपल्याकडे किती वेळ चालतं हे कुणाला सांगायला नको. डेरेकने मग रिवाजाप्रमाणे सभागृहाचे दोन भाग केले, वाटेच्या या बाजूच्यांनी जहागीरदाराच्या बाजूने ओरडायचं आणि त्या बाजूच्यांनी गाईच्या. ज्यांचा आवाज मोठा, त्यांची गाय.

आमची बाजू "आहे, आहेच!" म्हणाली. पलीकडून "नाही, नाहीच!" आलं. टॅबी खुर्चीवर उभी राहिली. जिल पहिल्यांदा नुसते ओठ हलवत होती. दुसऱ्यांदा तिचा आवाज निघाला. बहिऱ्या म्हाताऱ्यांशी दिवसभर बोलून कमावलेला आवाज आहे तो. पलीकडून ॲड्रियनने टॅबीला धरायला म्हणून हात पुढे केला आणि टॅबीबरोबर स्वतःही ओरडला.

"आहे, आहेच!"

"नाही, नाहीच!"

मग काय झालं कुणास ठाऊक, दोघं एकमेकांकडे तोंड करून ओरडायला लागली. जहागीरदाराकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हळूहळू दोन्ही बाजूंचे लोक थांबले, आणि ही दोघंच राहिली, वाटेच्या आरपार, लाल चेहऱ्यांनी. आहेच. नाहीच. आहेच. नाहीच. जिलचे डोळे भरले होते आणि ती ओरडतच होती. तीन वर्षांत एकमेकांना उद्देशून काढलेला पहिला शब्द हा. थॉर्नडेलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी शांतता मी पँटोत कधी ऐकली नाही.

डेरेकने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "पोरांनो, घरचं घरी. गाय माझी आहे."

सगळं सभागृह हसण्यात बुडालं. ॲड्रियनने कोट काढला आणि मांडीवर ठेवला. मला वाटलं, जमलं. अगदी जमलं.

आणि मग शेवटी परी पुढे आली. म्युरिएलने पंख सावरले आणि माझ्या ओळी म्हटल्या:

दिवा विझवू नका इतक्यात, दार राहू द्या उघडे;
वाटेत अजून आहे कोणी, पाऊल त्याचे घराकडे.

टाळ्या झाल्या. चांगल्या झाल्या. मी वळून बघतो तर जिलची खुर्ची रिकामी. ती दारापर्यंत पोचली होती, पाठमोरी, हाताने तोंड दाबून. एका रुग्णाकडे जायचंय, असं काहीतरी म्हणाली.

फिश-चिप्स घेऊन आम्ही तिघं घरी चालत निघालो. टॅबी पुढे गाईसारखी चालत होती. ॲड्रियनने विचारलं, "जिलला काय झालं?" तिचं नाव त्याच्या तोंडून किती दिवसांनी आलं.

मी सांगितलं की त्या ओळी तिच्या ओळखीच्या होत्या. धरणाच्या भिंतीवर मी त्याच म्हटल्या होत्या, तुझ्या आईसाठी. तू यायचा होतास.

त्याने पुडी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, "वाटेत अजून आहे कोणी. हे म्हटलंत, आणि मग रक्षा सोडलीत."

मी म्हटलं, अरे, अंधार पडत होता. माझ्या पायांची बोटं गारठून बधिर झाली होती. मीच म्हणालो जिलला, आता पुरे, इतक्या बर्फात तो काही येत नाही, आटपू या. तिचं आपलं चाललं होतं, आणखी थोडं थांबू, आणखी थोडं थांबू. हट्टी आहे. तुझ्या आईवर गेली आहे.

ॲड्रियन रस्त्यात थांबला. "तुम्ही म्हणालात, आटपू या?"

"मग कोण म्हणणार? दोघंच तर होतो."

"ती मला म्हणाली, तिला घाई होती. तिला कामावर जायचं होतं, म्हणून नाही थांबली."

"जिलला?" मी म्हटलं. "तिला त्या दिवशी सुट्टी होती."

त्याचा चेहरा बघून मला वाटलं, मासा कच्चा निघाला की काय. त्याने आपली पुडी माझ्या हातात दिली, टॅबीला घरी न्या म्हणाला आणि उलटा वळून धुक्यात चालायला लागला. तो रस्ता जिलच्या गल्लीकडे जातो, आणि स्टेशनकडेही.

जिलने असं का सांगितलं असेल त्याला? विसरली असेल. त्या दिवशी आम्ही सगळेच जरा भ्रमिष्टासारखे होतो.

पण माझा बेत फसला. एवढं खरं. एक पोर रडत गेली आणि एक रागाने.

२२ डिसेंबर

ॲड्रियन रात्री केव्हातरी परत आला असणार, कारण सकाळी त्याचे तपकिरी जोडे दारात होते, चिखलाने भरलेले. चहा पिऊन पुन्हा बाहेर गेला. कुठे, विचारलं तर पाय मोकळे करतो म्हणाला. आवाज बसला होता. माझ्या खांद्यावरची शाल नीट केली आणि गेला.

जिल जेवायला आली नाही. रविवार, तरीही. तीन वर्षांत पहिल्यांदा. फोन केला तर लागत नव्हता. मी भाजलेलं मांस कापून तिघांची ताटं केली आणि टॅबी आणि मी दोघंच जेवलो.

टॅबी म्हणाली, "आजोबा, मला माहीत आहे पण मला सांगायला मनाई आहे." मी म्हटलं, मोठ्यांची भांडणं मुलांनी सांगूच नयेत. ती म्हणाली, "भांडण नाहीये." नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतं. आपल्याला बरं वाटावं म्हणून मुलं बोलतात.

२३ डिसेंबर

डेरेकचा फोन. गाईचे मागचे पाय तापाने पडले आहेत आणि पुढच्यांनाही कसकस वाटते आहे. उद्या सकाळी शेवटचा खेळ. मी म्हटलं, आता रे? डेरेक म्हणाला, काळजी नको, माणसं मिळाली आहेत, जुनी आहेत, पाठ आहे सगळं. कोण, विचारलं तर त्याला एकदम दुसरा फोन आला. खेळ संपला की गाय तुझ्याकडे पोचती करतो, म्हणाला.

दिवसभर ॲड्रियन घरी नाही. संध्याकाळी आला तर पाठ धरून. म्हणाला, वाकून वाकून दुखते आहे. ब्रिस्टलमध्ये बसून काम करतात सगळे, चालायची सवय राहत नाही. मी मलम दिलं. मलम लावता लावता मी म्हणालो, त्या दिवशी तुझ्यासाठी थांबायला हवं होतं का रे? असंच, मनात आलं ते. तो उताणा होऊन माझ्याकडे बघत म्हणाला, "तुम्ही गारठून आजारी पडला असता. जिलने ते ओझं घेतलं ते बरंच केलं." कसलं ओझं, मी विचारलं. तर म्हणाला, काही नाही, बाबा, मलम झोंबतंय.

मला अजूनही यंत्राबद्दल बोलायचं आहे त्याच्याशी. पण वेळ बरी वाटत नाही.

२४ डिसेंबर

खोकला वाढला, म्हणून शेवटच्या खेळाला गेलो नाही. खरं सांगायचं तर जायचं मन नव्हतं. डेरेक टॅबीला घेऊन गेला. ॲड्रियन त्याच्याही आधी बाहेर पडला. पोरीबरोबर थांबायला काय होत होतं.

घर फार शांत होतं. जिन्यावरचं कपाट उघडून प्रिमरोझसाठी जागा केली, नव्या कापराच्या वड्या ठेवल्या. एनिडची मोजपट्टी तिथे खिळ्याला अडकवलेली आहे, ती काढायचं अजून जमलेलं नाही. मग स्वयंपाकघरात बसून नाताळचा विचार केला. उद्या टेबलावर कोण असेल? जिल येणार नाही. ॲड्रियन येऊनही न आल्यासारखा. मी हे असं जमवायला गेलो नसतो, तर निदान पूर्वीसारखी एकेकटी तरी आली असती. एनिड असती तर म्हणाली असती, लायोनेल, कविता करायची तिथे कविता कर, माणसांच्या मध्ये वाट ठेवू नकोस. पण ती वाट मी ठेवली नव्हती, ती तिथे होतीच.

डेरेकसाठी दोन कप काढले. आधण ठेवलं. खुर्चीत बसलो आणि डोळा लागला असावा.

ठक.

मी म्हटलं, परत. डोळे उघडले नाहीत. असे आवाज अर्धवट झोपेत येतात, डोळे उघडले की जातात, म्हणून उघडायचेच नाहीत.

ठक. ठक. दाराशी.

उठलो. शाल घसरली, तशीच राहू दिली. आधणाला उकळी आली होती. दार उघडायला मला नेहमी वेळ लागतो, कडी हिवाळ्यात धरते. उघडलं.

डेरेक नव्हता. पायरीवर प्रिमरोझ उभी होती, एकटी, तिच्या चार पायांवर, आणि तिच्या तोंडातून वाफ येत होती. मागे रस्त्यावर टॅबी दोन्ही हातांनी तोंड दाबून उड्या मारत होती. गाईने मान हलवली, घंटा वाजली आणि पुढचे पाय उंबरठा ओलांडून माझ्या पायपुसण्यावर आले. पुढच्या पायांत लाल बूट होते. मी वाकून मागे बघितलं. मागच्या पायांत चिखलाने भरलेले तपकिरी जोडे.

थंडी आत येत होती, म्हणून सवयीने दार लोटायला लागलो. तेवढ्यात मागचे पाय, जसे पूर्वी बसायचे तसे, बाहेर पायरीवरच फतकल मारून बसले. गाय मधोमध ताणली गेली.

आतून जिलचा आवाज आला, कापडातून, दबलेला, हसू आवरत:

"बाबा, दार लावू नका. मागचे अजून वाटेत आहेत."